बाइट बफरच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘हॅलो’ऐवजी ‘नागपूर’ लिहायला लावा

प्रति,
संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिप्लोमा असो, बीसीए असो की इंजिनिअरिंग, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या जर्नलमध्ये बहुधा एक प्रॅक्टिकल असतेच. फाइलऐवजी मेमरीतल्या बाइट बफरमध्ये मजकूर लिहायचा, तो परत वाचायचा आणि पडद्यावर दाखवायचा. मुले ‘हॅलो वर्ल्ड’ लिहितात, ‘हॅलो वर्ल्ड’ परत येते, जर्नलवर सही होते. आमचा आक्षेप त्या ‘हॅलो’ला आहे. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. या विषयातल्या पुष्कळ चुका या एकास एक हिशेबाआड लपतात आणि चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर उत्तर देतो. तेच प्रॅक्टिकल आपल्या गावाच्या नावावर करून घेतले, तर बहुतेक चुका वेगवेगळे आकडे घेऊन समोर येतात.

ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध ऑनलाइन फॉर्म भरण्यापुरता आहे, त्यांचाही याच्याशी संबंध येतो. पावतीवर नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हे छापून येतात, दाखल्यात आडनाव अर्धेच येते, डाउनलोड केलेली झिप फाइल उघडत नाही. अशा वेळी ‘सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे’ असे उत्तर मिळते. पुष्कळदा तो प्रॉब्लेम म्हणजे बफरमध्ये लिहिताना राहून गेलेली एखादी ओळ असते. (अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मात्र बहुधा फॉन्ट नसतो. तिथे बाइट ठीक असतात.)

मेमरीतला बाइट बफर म्हणजे रॅममधली बाइटची एक रांग आणि ती कुठवर भरली हे सांगणारा एक आकडा. पावतीचा पीडीएफ तयार करून लगेच पाठवायचा असेल, तर आधी डिस्कवर फाइल करा, ती वाचा, मग पुसा हा व्याप कशाला? दोघांच्या फाइलला एकच नाव पडणे, पुसायचे राहून जाणे, सर्व्हरवर लिहायची परवानगी नसणे, हे सगळे टळते. शिवाय पाठवण्याआधी एकूण लांबी कळते. जावामध्ये यासाठी ‘बाइटॲरेआउटपुटस्ट्रीम’ हा क्लास १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. सी-शार्पमध्ये ‘मेमरीस्ट्रीम’ आहे, पायथनमध्ये ‘बाइट्सआयओ’.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे नेमके काय, हे समजावायलाही यासारखे उदाहरण नाही. वर्गात अजूनही ‘प्राणी’ हा मूळ क्लास, कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, असे शिकवले जाते. जावाची ‘आउटपुटस्ट्रीम’ ही अमूर्त क्लास घ्या. तिच्यात एकच मेथड पोटक्लासने लिहावीच लागते: एक बाइट लिहिणारी ‘राइट’. फाइलची स्ट्रीम, नेटवर्कची स्ट्रीम आणि मेमरीची स्ट्रीम या तिन्ही तिच्याच लेकी. पावती लिहिणाऱ्या मेथडने पॅरामीटर म्हणून ‘आउटपुटस्ट्रीम’ घेतली, तर आपण डिस्कवर लिहितो आहोत की मेमरीत, हे तिला कळण्याची गरजच उरत नाही. चाचणी घेताना तिला मेमरी बफर द्यावा, बाइट तपासावेत. प्रत्यक्ष कामाला तीच मेथड, एक अक्षरही न बदलता, नेटवर्कवर लिहील. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच हाकेला प्रत्येक क्लासने आपापल्या परीने ओ देणे, विद्यार्थ्याला इथे पटतो.

आता ‘नागपूर’. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या हिशेबात ती सहा चिन्हे आहेत: न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. यूटीएफ-८ ही या क्रमांकांचे बाइट करण्याची एक पद्धत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेते, म्हणून बफरमध्ये अठरा बाइट जायला हवेत. ‘न’चे तीन बाइट २२४, १६४, १६८. जावात बाइट हा चिन्हांकित प्रकार असल्याने तेच -३२, -९२, -८८ असे छापले जातात. ऋण आकडे पाहून मुले घाबरतात, पण त्यात काही बिघडलेले नसते. प्रत्येकात २५६ मिळवा, मूळ आकडा मिळतो.

लिहून झाल्यावर बफरची लांबी छापा. अठरा आले तर ठीक. दुसरे काही आले, तर तो आकडाच चूक कुठे आहे ते सांगतो.

शून्य आले, तर फ्लश, म्हणजे साठलेले बाइट पुढे ढकलणे, राहिले. मजकुराचे बाइट करणारा ‘रायटर’ बफरच्या पुढे उभा असतो आणि त्याच्या स्वतःच्या पोटात काही हजार बाइटची जागा असते. अठरा बाइट तिथेच पडून राहतात, खालच्या बफरपर्यंत पोहोचतच नाहीत. एरर येत नाही, काही नाही, लांबी शून्य. बफरकडे बाइट मागण्याआधी रायटरला ‘फ्लश’ किंवा ‘क्लोज’ करायचे. बफरला नव्हे! जावाच्या मेमरी बफरला ‘क्लोज’ केल्याने काहीच होत नाही, तसे त्याच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. कळीचा असतो तो सर्वांत वरचा थर.

सहा आले, तर दोन शक्यता आहेत आणि दोन्ही गंभीर. पहिली: बाइट करताना लिपीच (म्हणजे एन्कोडिंग, चिन्हांचे बाइट करण्याची पद्धत) सांगितली नाही, आणि प्लॅटफॉर्मने आपल्या मनाने विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपीय भाषांसाठीची पद्धत निवडली. तिच्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह लिहिले गेले. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, न सांगता यूटीएफ-८ धरली जाते. पण ज्या लॅबमध्ये विंडोजवर जावा ८ किंवा ११ आहे तिथे हे हमखास होते. दुसरी शक्यता जास्त शिकवणारी आहे. चिन्ह सरळ ‘राइट’ मेथडला दिले की ती त्यातले शेवटचे आठ बिट ठेवते आणि बाकीचे टाकून देते. ‘डेटाआउटपुटस्ट्रीम’ची ‘राइटबाइट्स’ मेथडही नेमके हेच करते. ‘न’चा युनिकोड क्रमांक २३४४, त्याचे शेवटचे आठ बिट म्हणजे ४०, आणि ४० म्हणजे सुरू होणारा कंस. कान्याचे होते ‘मोठे आहे’ हे गणिती चिन्ह, ग चे एक न दिसणारे नियंत्रण चिन्ह, प चा तारा, ऊकाराचा रोमन ‘बी’, आणि र चा शून्य. नागपूर लिहिले, आले कंस, बाण, तारा, बी, शून्य! कम्पायलर चकार शब्द काढत नाही, कारण नियमाप्रमाणे सगळे बरोबर आहे. ‘हॅलो’ मात्र याच मेथडमधून जसेच्या तसे बाहेर पडते, म्हणून ही चूक चार सेमिस्टर कुणाच्या लक्षात येत नाही.

बारा म्हणजे यूटीएफ-१६, जिथे यातले प्रत्येक चिन्ह दोन बाइटचे. चौदा म्हणजे यूटीएफ-१६ आणि सुरुवातीला बाइटचा क्रम सांगणारी दोन बाइटची खूण. वीस आले तर ‘राइटयूटीएफ’ वापरले आहे. ती मेथड मजकुराआधी दोन बाइटमध्ये लांबी लिहिते. जावाच जावाचे वाचणार असेल तर चालेल, पण हे बाइट ब्राउझरला पाठवले की सुरुवातीला दोन परके बाइट जातात. तिची आणखी एक मर्यादा आहे. दोन बाइटमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ मावते, त्यामुळे मराठी मजकूर २१,८४५ चिन्हांपुढे गेला की एरर येते. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली असेल, तर तिप्पट लांबीपर्यंत काही कळणार नाही.

एकवीस आले तर सी-शार्प असणार. ‘स्ट्रीमरायटर’ला यूटीएफ-८ चे तयार एन्कोडिंग दिले की तो आधी तीन बाइटची खूण लिहितो: २३९, १८७, १९१. पडद्यावर ती दिसत नाही, पण पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) आयात होत नाही, त्यामागे पुष्कळदा हीच असते.

अडतीस आले तर बफरचा काही दोष नाही. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली आणि कम्पायलरने ती विंडोज-१२५२ समजून वाचली. अठरा बाइटची अठरा लॅटिन चिन्हे झाली. त्यांतली सोळा दोन-दोन बाइटची आणि दोन तीन-तीन बाइटची. कम्पाइल करताना एन्कोडिंगचा पर्याय देऊन यूटीएफ-८ सांगावे.

आणि ३२ किंवा २५६ आले, तर भरलेला भाग न घेता आख्खा डबा उचलला आहे. मेमरीस्ट्रीमची ‘गेटबफर’ मेथड पूर्ण ॲरे देते: अठरा बाइट आपले आणि २३८ शून्ये. ‘टूॲरे’ फक्त भरलेले बाइट देते, पण नवी प्रत करून. गेटबफर वापरायचेच असेल, तर सोबत लांबी घ्या आणि तेवढेच बाइट पुढे पाठवा. डिजिटल सहीसाठी हॅश (सगळ्या बाइटवरून काढलेला ठसा) काढताना ती २३८ शून्ये आत गेली, तर सही जुळणार नाही आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जाईल.

‘हॅलो’वर हेच करून पाहा. बरोबर लिहिले तरी पाच, लिपी सांगायची राहिली तरी पाच, आठ बिट कापले तरी पाच, सोर्स चुकीचा वाचला तरी पाच.

लांबीचाच आणखी एक घोळ पाठवण्याच्या वेळी होतो. सर्व्हरने उत्तराची लांबी सांगताना बाइट मोजण्याऐवजी स्ट्रिंगची लांबी दिली, म्हणजे सहा, की समोरचा प्रोग्रॅम सहा बाइट वाचून थांबतो. सहा बाइट म्हणजे न आणि काना. नागपूरचा ‘ना’ तेवढा पोहोचतो. लांबी नेहमी बफरला विचारावी, स्ट्रिंगला नाही.

बफर वाढतो कसा, हे पुस्तकांत एका ओळीत उरकले जाते. त्यावर थांबायला हवे. जावाचा बफर न सांगता ३२ बाइटचा सुरू होतो. भरला की दुप्पट आकाराचा नवा ॲरे घेतो आणि जुन्यातले सगळे त्यात ओततो. १०,४८,५७६ बाइट, म्हणजे एक एमबी, भरेपर्यंत पंधरा वेळा डबा बदलतो. ओतलेले सगळे मिळून १०,४८,५४४ बाइट होतात, एक एमबीलाही ३२ कमी. दुप्पट करण्याऐवजी दर वेळी ३२ बाइटच वाढवले असते, तर तेवढ्याच मजकुरासाठी १,७०० कोटींहून जास्त बाइट इकडचे तिकडे झाले असते. स्वतःचा बफर क्लास लिहिणारी मुले नेमके हेच करतात आणि मग मशीन स्लो आहे म्हणतात. अंदाज असेल तर कन्स्ट्रक्टरलाच, म्हणजे बफर तयार करतानाच, आकार सांगावा, डबे बदलण्याची वेळच येणार नाही.

दुप्पट होण्याला किंमतही आहे. १०० एमबीचा अहवाल या बफरमध्ये भरला, तर ॲरे १२८ एमबीचा होतो. मग ‘टूबाइटॲरे’ मागितले की १०० एमबीची आणखी एक प्रत निघते. एका वेळी २२८ एमबी अडकले, आणि दहा जणांनी एकदम अहवाल मागितला की सर्व्हर बसला. जिथे बाइट शेवटी दुसऱ्या स्ट्रीमलाच द्यायचे आहेत, तिथे ‘राइटटू’ वापरावी. ती प्रत न करता सरळ ओतते. आणि आकाराला वरची हद्दच माहीत नसेल, तर मेमरी बफर वापरू नये, फाइलच बरी. जावाचा ॲरे तसाही दोन अब्ज चौदा कोटींच्या आसपास थांबतो.

फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचून बफरमध्ये भरतानाच्या दोन चुका जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये सापडतील. २०,००० बाइटची फाइल ८,१९२ च्या तुकड्यांनी वाचली, तर तिसऱ्या खेपेला ३,६१६ बाइटच येतात. पण ‘राइट’ला पूर्ण तुकडा दिला, तर उरलेले ४,५७६ बाइट मागच्या खेपेचे शिळे लिहिले जातात आणि फाइलच्या शेवटी आधीचाच मजकूर पुन्हा येतो. ‘रीड’ने जो आकडा परत दिला, तेवढेच लिहायचे. दुसरी चूक देवनागरीतच दिसते. ८,१९२ ला तीनने भाग जात नाही. २,७३० चिन्हे झाल्यावर दोन बाइट उरतात. म्हणजे शेवटचे चिन्ह दोन तुकड्यांत चिरले जाते. प्रत्येक तुकड्याची वेगळी स्ट्रिंग केली, तर दर तीन सांध्यांपैकी दोनांवर एक अक्षर फुटते. आधी सगळे बाइट बफरमध्ये गोळा करावेत, मग एकदाच स्ट्रिंग करावी.

झिपबद्दल थोडक्यात. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि ती ‘क्लोज’ किंवा ‘फिनिश’ करताना लिहिली जाते. त्याआधी बफरमधून बाइट घेतले, तर फाइल आकाराने ठीकठाक दिसते, उघडत मात्र नाही. जीझिपचेही तसेच: शेवटचे आठ बाइट, तपासणी बेरीज आणि मूळ लांबी, शेवटी येतात.

मेमरीस्ट्रीम आणि बाइट्सआयओमध्ये ‘आता कुठे आहोत’ ही एक जागा असते. लिहून झाल्यावर ती शेवटाला असते, म्हणून लगेच वाचायला गेले तर काहीच मिळत नाही. वाचण्याआधी शून्यावर आणावी लागते. आणि शून्यावर आणून परत लिहिले तर? आधी ‘नागपूर’ आहे, त्यावर ‘वर्धा’ लिहा. ‘वर्धा’ म्हणजे व, र, हलन्त, ध, काना. पाच चिन्हे, पंधरा बाइट. सोळावा, सतरावा, अठरावा बाइट तसाच राहतो, आणि वाचले की येते ‘वर्धार’. असे गाव नाही, पण शब्द इतका सोज्वळ दिसतो की तपासणाऱ्याची नजर घसरते. नवे लिहिण्याआधी सी-शार्पमध्ये ‘सेटलेंग्थ’ शून्य करावी. पायथनमध्ये ‘ट्रंकेट’ शून्य आणि ‘सीक’ शून्य, दोन्ही. नुसते ट्रंकेट केले तर जागा अठरावरच राहते आणि पुढच्या लिखाणाआधी अठरा शून्य बाइट भरले जातात. जावाच्या ‘बाइटबफर’ क्लासमध्ये वाचण्याआधी जागा शून्यावर आणण्याचे काम ‘फ्लिप’ करते. ३२ च्या बफरमध्ये अठरा लिहून फ्लिप न करता वाचले, तर हाती येतात उरलेली चौदा शून्ये.

आकडे लिहिताना बाइटचा क्रम पाहावा लागतो. आपल्या जीपीओचा पिनकोड ४४०००१ चार बाइटमध्ये लिहिला, तर जावाची ‘राइटइंट’ मोठा बाइट आधी ठेवते: ०, ६, १८२, १९३. सी-शार्पचा ‘बायनरीरायटर’ उलट लिहितो: १९३, १८२, ६, ०. एकाचे लिहिलेले दुसऱ्याने सरळ वाचले, तर पिनकोड होतो उणे १०४,५०,३५,५२०. दोन भाषांतल्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचे असेल, तर क्रम आधी ठरवून लिहून ठेवावा.

म्हणून आमची शहरातल्या कॉलेजांच्या विभागप्रमुखांना आणि प्रॅक्टिकलचे प्रश्न काढणाऱ्यांना विनंती आहे. हा प्रयोग असा घ्यावा. विद्यार्थ्याने जावाच्या मेमरी बफरमध्ये क्रमाने ‘नागपूर’, ‘वऱ्हाड’ आणि ४४०००१ हा पूर्णांक लिहावा, शब्द यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगून आणि प्रत्येक शब्दाचे सगळे बाइट एकदम. प्रोग्रॅम चालवण्याआधी जर्नलमध्ये पेनाने अपेक्षित बाइट मांडावेत: अठरा, अठरा, चार, एकूण चाळीस. मग चालवावा, लांबी छापावी, प्रत्येक बाइटचा आकडा छापावा. पडद्यावरच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये, कारण पडद्याची लिपी वेगळी असली तर बरोबर बाइटही चुकीचे दिसतात. ६३, ६३, ६३ छापले गेले तर मजकूर लिहितानाच गेला, तो परत मिळणार नाही. २२४, १६४ असे आकडे आहेत पण अक्षरे डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’सारखी दिसतात, तर बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकतो आहे.

‘वऱ्हाड’ मुद्दाम सुचवला आहे. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच. पहिल्या रीतीने अठरा बाइट, दुसऱ्या रीतीने एकवीस. दोन विद्यार्थ्यांचे कीबोर्ड वेगळे असले तर एकाच वर्गात दोन उत्तरे येतील, आणि येऊ द्यावीत. बफरमध्ये लिहिण्याआधी ‘नॉर्मलायझर’ क्लासने एनएफसी रूप (जोडता येणारी चिन्हे एकाच चिन्हात जोडलेले) करून घेतले की दोन्हींचे अठरा होतात.

चाळीस बाइटचा आणखी एक उपयोग आहे. सुरुवातीचे ३२ त्यांना पुरत नाहीत. दुसरा शब्द लिहिताच ३६ होतात आणि बफर दुप्पट होतो. तो आतला ॲरे ‘प्रोटेक्टेड’ आहे, म्हणजे बाहेरून दिसत नाही पण पोटक्लासला दिसतो. विद्यार्थ्याकडून चार ओळींची पोटक्लास लिहून घ्यावी, तिच्यात आतल्या ॲरेची लांबी परत देणारी एक मेथड. ‘नागपूर’ लिहिल्यावर ती ३२ सांगेल, ‘वऱ्हाड’नंतर ६४, पिनकोडनंतरही ६४, आणि ‘साइज’ मेथड सांगेल चाळीस. शेवटी ‘रिसेट’ करून दोन्ही पुन्हा छापावेत: साइज शून्य, आतला ॲरे ६४ चा तसाच, आणि त्यात ‘नागपूर’चे अठरा बाइट अजूनही पडलेले. व्हायवात याच्यावर प्रश्न विचारावा: या बफरमध्ये आधी कुणाचा पासवर्ड लिहिला असता, तर?

आपले विश्वासू,
प्रोग्रॅमिंग शिकवणारे काही शिक्षक, नागपूर